काच माझी, चेहरा बाईंचा

मी डार्करूममध्ये असताना दार उघडायचं नाही, हा आमच्या घरातला कुळाचार आहे. काय सांगायचं ते बाहेरून सांगायचं. त्यामुळे ती बातमीही मला बंद दाराआडूनच कळली. "अहो, ऐकलंत का? डोंबिवलीच्या पेंडुरकरबाई गेल्या. पहाटेच. शाळेचा शिपाई आलाय सांगायला." माझ्या हातात कोणाच्या तरी मुंजीच्या फोटोची काचेची प्लेट होती, औषधात अर्धीमुर्धी उमटलेली. बटूचं डोकं दिसायला लागलं होतं, मामाचा फेटा अजून यायचा होता. तशीच सोडली असती तर प्लेट काळीठिक्कर पडली असती. म्हणून मी तिथेच उभा राहिलो, लाल दिव्याखाली ती प्लेट हलवत, धूत, पुन्हा हलवत... बाहेर आलो तेव्हा शिपाई चहा घेऊन निघूनही गेला होता. "डोळ्यांना काय झालं?" असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, "औषध उडालं." तिने पदराने माझा चष्मा पुसून हातात दिला.

आता त्याला महिना होत आला. बाईंवर लिहायला त्यांच्या विद्यार्थिनी आहेत, सहकारी शिक्षिका आहेत, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी लिहिणारी पुष्कळ मंडळी आहेत. पण माझा हक्क निराळा आहे. मी कल्याणच्या बाजारातला फोटोग्राफर. द्वारका पेंडुरकर या बाईंनी ठाण्याच्या कोर्टात ज्याच्यावर दावा लावला आणि ज्याला चारचौघांत चारी मुंड्या चीत केलं, तो प्रतिवादी मीच. हरलेल्या माणसाने जिंकणाऱ्याबद्दल लिहावं हे विचित्र दिसेल, पण मला त्या हरण्याचा अभिमान आहे, आणि तो मी इथे मिरवणार आहे.

आपली राज्यघटना लागू होऊन दोनेक वर्षं झाली असतील. एके सकाळी तिशीच्या आतबाहेरची एक बाई एकटीच माझ्या स्टुडिओत आली. छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "शिक्षिकांच्या ट्रेनिंगच्या अर्जाला लावायला फोटो हवाय. तीन प्रती." त्या काळी बायका फोटोला यायच्या त्या नवऱ्याबरोबर, नाहीतर सासूबरोबर. एकटी बाई म्हणजे मला जरा चमत्कारिकच वाटलं. पण खुर्चीवर बसल्यावर तिने समोर पाहिलं मात्र, मी सगळं विसरलो. माझ्या स्टुडिओचं छप्पर उत्तरेकडे काचेचं आहे. अकरा ते बारा तिथून जो उजेड उतरतो तसा मुंबईच्या मोठ्या दुकानांतही मिळत नाही, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. त्या उजेडात तो चेहरा... मी काळ्या फडक्याखालून बराच वेळ पाहतच राहिलो. आयुष्यात एवढा चांगला फोटो मी त्याआधी काढला नव्हता आणि नंतरही नाही.

मग वही उघडून मी विचारलं, "कोणाच्या नावावर लिहू?" त्या म्हणाल्या, "माझ्याच. द्वारका पेंडुरकर." मी मान डोलावली आणि लिहिलं, "श्री. पेंडुरकर, डोंबिवली." त्यात लबाडी नव्हती. माझे वडील तसंच लिहीत, मीही तसंच लिहीत आलो. बाईचं नाव वहीत लिहायचं असतं हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं.

प्रती घेऊन त्या गेल्या. आणि मी धंदेवाईक माणसाने जे करायचं तेच केलं. त्या प्लेटवरून दीड हात उंचीचा मोठा फोटो काढला, हाताने रंगवला आणि रस्त्यावरच्या काचेच्या कपाटात लावला. साडीला अंजिरी रंग दिला. ओठांना किंचित गुलाबी. आणि कपाळ मोकळं होतं, तिथे बारीक ब्रशाने ठसठशीत कुंकू लावलं. माझं म्हणणं असं, की उन्हातून चालत आल्यामुळे घामाने पुसलं गेलं असणार. सगळ्याच बायकांचं पुसलं जातं, आणि सगळेच स्टुडिओवाले ते लावून देतात. त्यासाठी आम्ही लाल रंगाची वेगळी वाटीच ठेवत असू.

बाई विधवा होत्या. लग्नानंतर वर्षभरातच नवरा विषमज्वराने गेला. थोरल्या दिरांनी, नानांनी, शिकवलं, डोंबिवलीच्या मुलींच्या शाळेत नोकरीला लावलं, आणि त्यातला प्रत्येक उपकार ते चारजणांत बोलून दाखवीत. त्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष एकदा भांडी घ्यायला कल्याणला आले आणि माझ्या कपाटासमोर त्यांना आपल्या शाळेतल्या विधवा शिक्षिकेचं दर्शन घडलं, अंजिरी साडीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेलं. आठ दिवसांत बाईंच्या हातात पत्र पडलं. आपण असा फोटो काढून तो बाजारात लावू दिलात, याचा खुलासा करावा, अन्यथा राजीनामा द्यावा. नोकरी गेली असती तर बाईंना उरलेलं आयुष्य नानांच्या चुलीपुढे काढावं लागलं असतं. माझ्या एका ब्रशाने हे केलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

ते पत्र पर्समध्ये घालून त्या आल्या. आधी रस्त्यावर उभ्या राहून स्वतःच्या फोटोकडे शांतपणे पाहत राहिल्या. मी लगबगीने बाहेर गेलो. शाबासकीच मिळणार असं मला वाटत होतं.

"कसा आलाय?" मी विचारलं.

"फोटो फार छान आलाय," त्या म्हणाल्या. "फक्त या बाई माझ्या ओळखीच्या नाहीत."

मग आत येऊन त्यांनी सगळं सांगितलं. मी म्हणालो, "बाई, चूक झाली. पाच मिनिटं बसा, कुंकू पुसून देतो." त्यावर त्या एकदम ताठ झाल्या. "पुसू नका. ते काम एकदा दुसऱ्यांनी केलंय माझं. पुन्हा तुम्ही नका करू. फोटो कपाटातून काढा आणि प्लेट मला द्या."

आता फोटोग्राफरकडे प्लेट मागणं म्हणजे सुताराकडे करवत मागणं. माझ्यातला कारागीर चवताळला. फोटो काढून ठेवतो म्हटलं, पण प्लेट? जगात कोणी देत नाही. "काच माझी, औषध माझं, उजेड माझा," मी म्हणालो. "आणि चेहरा?" त्यांनी विचारलं. मी आवाज चढवला. "हे बघा बाई, तुम्हाला काय करायचं ते करा. कोर्टात जायचं तर कोर्टात जा!" त्या छत्री घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मी तेच विचारणार होते, की हे कुठल्या कोर्टात जातं."

आणि खरंच गेल्या! वकिलाला द्यायला जवळ काही नव्हतं, म्हणून स्वतःच उभ्या राहिल्या. सुट्टीच्या दिवशी ठाण्याला जाऊन एका म्हाताऱ्या वकिलांच्या कपाटातली कायद्याची पुस्तकं वाचत बसत. तिथे त्यांना इंग्रजी अमलातला एक कायदा सापडला. किंमत देऊन, सांगून काढवून घेतलेल्या फोटोवरचा हक्क ज्याने तो सांगितला त्याचा, काढणाऱ्याचा नव्हे. इतकी वर्षं मी या धंद्यात, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कॅमेरा आमच्या गावात आला तेव्हा त्याच्याबरोबर काच आली, औषधं आली, काळं फडकं आलं. माणसाला विचारायचं असतं एवढंच तेवढं आलं नाही. ते बाईंना मागून आणावं लागलं. बाईंनी कमिटीला कळवलं, की कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबा, निकालात माझी चूक दिसली तर मी त्याच दिवशी राजीनामा देते. कमिटी थांबली. नानांनी घरात बोलणं टाकलं.

माझे वकील मात्र खुशीत होते. त्यांनी माझी वही पाहिली आणि मांडीवर थाप मारली. "अहो, इथे लिहिलंय श्री. पेंडुरकर! फोटो सांगितला त्या श्रींनी. या बाईचा संबंधच काय?" पुढच्याच आठवड्यात नाना स्वतः माझ्याकडे आले. घाम पुसत म्हणाले, "मीच सांगितला होता फोटो असं मी कोर्टात सांगतो. माझी काही तक्रार नाही. तुमचंही सुटेल, आमच्या घराण्याचीही शोभा थांबेल. तुम्ही फक्त वहीत लिहिलंय तेच सांगा." म्हणजे खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं, फक्त वहीत लिहिलेलं वाचून दाखवायचं होतं. मी हो म्हणालो. आज लाज वाटते, पण म्हणालो.

ठाण्याच्या त्या कोर्टात मी पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ घेतली आणि वकिलांच्या प्रश्नांना ठरल्याप्रमाणे उत्तरं दिली. मग उलटतपासणीला बाई उठल्या. मला वाटलं, आता कायद्याचं काहीतरी विचारणार. त्यांनी विचारलं, "मी आले तेव्हा किती वाजले होते?"

"सव्वाअकरा," मी म्हणालो. "अकरा ते बारा उत्तरेचा उजेड सगळ्यात मऊ असतो."

"माझ्याबरोबर कोण होतं?"

"कोणी नाही. छत्री होती."

लोक हसले. मला बरं वाटलं. "मला मान किती वेळा वळवायला लावलीत?" त्यांनी विचारलं. "तीनदा. दोनदा तुम्ही फार कडक दिसलात. तिसऱ्यांदा मी म्हणालो, वर्गातली मुलगी खोटं बोलतेय हे तुम्हाला कळलंय, पण तिला अजून माहीत नाही, असं समजून बघा." सगळं कोर्ट हसलं, न्यायाधीशसुद्धा. आणि मी असा फुललो म्हणता! त्या दिवसातलं एकेक मिनिट मला कसं आठवतंय हे सगळ्यांना दिसत होतं. बाई माझ्याकडे अगदी तसंच पाहत होत्या, मी तिसऱ्यांदा सांगितलं होतं तसं. आपल्याला कुठे नेलं जातंय हे मला अजून उमगलं नव्हतं.

"माझ्या कपाळावर काय होतं?"

"काही नव्हतं."

"मग फोटोत कुंकू कुठून आलं?"

"मी लावलं. ब्रशाने."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. आम्ही सगळ्यांनाच लावतो."

"मग तुम्ही वही उघडलीत आणि विचारलंत, कोणाच्या नावावर लिहू. मी काय म्हणाले?"

माझे वकील खोकले. समोरच्या बाकावर नाना टोपी हातात धरून बसले होते. न्यायाधीशांनी टाक उचलला होता. इतका वेळ मला सगळं आठवत होतं, छत्रीसुद्धा आठवत होती, आणि आता नेमकं एवढंच आठवत नाही म्हणायचं? ते मला जमेना. थोडी लाज होती, थोडी शपथ होती, पण खरं सांगायचं तर कारागिराची मिजासही होती. त्या तासाबद्दल मी खोटं बोलूच शकत नव्हतो. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तास होता.

"तुम्ही म्हणालात, 'माझ्याच. द्वारका पेंडुरकर,'" मी सांगितलं.

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"श्री. पेंडुरकर."

"का?"

"...सवय."

बाई खाली बसल्या. त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. फोटो या बाईंनी स्वतः सांगितला, स्वतः किंमत दिली, कुंकू फोटोग्राफरने आपल्या मनाने लावलं, वहीत भलतं नाव लिहिल्याने हक्क बदलत नाही. रंगवलेला फोटो त्यांना द्यावा, आणि त्यांच्या लेखी परवानगीशिवाय त्या प्लेटवरून एकही प्रत काढू नये. न्यायाधीशांनी वाचून संपवलं तेव्हा मागच्या बाकावरून एक टाळी वाजली. शाळेतल्या शिक्षिका रजा टाकून आल्या होत्या, त्यांतली कोणीतरी. पट्टेवाला डाफरला, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या! प्रतिवादी असून माझेही हात वर आले होते, ते मी कसेबसे कोटाच्या खिशात कोंबले.

बाहेर आवारात मी काळ्या कागदात गुंडाळलेली प्लेट त्यांच्यापुढे धरली. कोर्टाने ती द्या म्हटलं नव्हतं, माझं मलाच वाटलं. त्यांनी ती हातात घेतली, उजेडात धरून नीट पाहिली आणि मला परत दिली. "ठेवा तुमच्याकडेच. आमच्या चाळीत फुटेल. आता माझ्या सहीशिवाय तिला हात लागणार नाही, मग ती कुठेही असली तरी काय बिघडलं?" मी म्हटलं, "एवढा विश्वास?" तर म्हणाल्या, "शपथेवर पारखून घेतलाय."

तसाच तो दीड हाताचा फोटो काखोटीला मारून त्या कमिटीच्या बैठकीला गेल्या. हे मला तिथल्या शिपायाने सांगितलं. टेबलावर एकीकडे निकालाची नक्कल ठेवली, दुसरीकडे फोटो. म्हणाल्या, "हे कुंकू कल्याणच्या फोटोग्राफरने लावलं, कोर्टाने तसं लिहून दिलंय. माझ्या कपाळाचा विषय इथे संपला. आता मुलींच्या प्रयोगशाळेचं काय झालं ते सांगा." अध्यक्ष पाणी प्यायले म्हणतात. त्या वर्षी प्रयोगशाळा झाली.

त्यानंतरची सात-आठ वर्षं बाईंनी मला मित्र म्हणून वागवलं, म्हणजे संधी मिळेल तेव्हा टोमणे मारले. पहिल्या निवडणुकीच्या आधी मतदारयाद्या करायला त्या डोंबिवलीशेजारच्या कोपर गावात घराघरांतून हिंडल्या होत्या. दारातली बाई स्वतःचं नावच सांगेना. अमक्याची बायको, तमक्याची आई लिहा म्हणे. "एकेका नावासाठी मी अर्धा अर्धा तास ओट्यावर बसलेय दामोदरराव," त्या म्हणत, "आणि तुम्हाला आयतं नाव सांगितलं तर तुम्ही श्री लिहिलंत!" मी वही बदलली. ज्याचा फोटो त्याचं नाव, आणि ते त्यानेच लिहायचं. कपाटात फोटो लावायचा तर चिठ्ठीवर सही. लाल रंगाची वाटी मोरीत ओतून टाकली. धंदा बसेल असं वाटलं होतं, झालं उलटंच. कल्याण-ठाण्याच्या बायका माझ्याकडे एकट्यादुकट्या येऊ लागल्या. पुढे कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात कामगारांच्या पासासाठी फोटो काढायला गेलो, तर रांगेतली पहिलीच आगरी बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ए फोटूवाल्या, आमचं फोटू तुजे दुकानान लावलंस त बग हां! डोंबिवलीचे बाईंनी सांगलंय, इचारल्याबिगर लावाचं नाय." मला काय आनंद झाला सांगू! मी हरलो होतो ही गोष्ट माझ्याआधी मोहन्याला पोहोचली होती.

एका संक्रांतीला बाई तिळगूळ घेऊन आल्या तर कपाळावर छोटंसं कुंकू. माझी बायको पाहतच राहिली. चार दिवसांनी आल्या तर कपाळ मोकळं. बायकोला राहवेना. "त्या दिवशी वाटलं, लावलं," बाई म्हणाल्या. "आज नाही वाटलं." आणि हसल्या... अशा हसल्या, की बायको आत जाऊन हळदीकुंकवाची कुयरीच घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "कधीही वाटलं तर असू दे इथेच."

फोटो मात्र त्यांनी पुन्हा काढून घेतला नाही. दरवर्षी शाळेतल्या वर्गांचे फोटो मीच काढायचो. मुली रांगेत बसत आणि बाई माझ्या शेजारी कॅमेऱ्यामागे उभ्या राहून त्यांना हसवत. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना कावीळ झाली, ती हटली नाही. मी भेटायला गेलो तेव्हा डोळे पिवळे झाले होते, पण आवाज तोच. "वहीत कोणाचं नाव लिहिताय हल्ली?" असं विचारलं. मी म्हटलं, "तुम्हाला भिऊन सगळ्यांचं." त्या म्हणाल्या, "मला भिऊन नको. त्यांना विचारून लिहा."

तेराव्यानंतर कमिटीचे नवे चिटणीस आणि बाईंचा पुतण्या, नानांचा मुलगा, माझ्याकडे आले. शाळेच्या सभागृहात बाईंचा मोठा फोटो लावायचा ठराव झाला होता, एकमताने! तो रंगवलेला फोटो बाईंनी केव्हाच फाडून टाकला होता, म्हणून प्लेटवरून नवा हवा होता. मी म्हणालो, "लेखी परवानगी?" ते एकमेकांकडे पाहू लागले. चिटणीस समजुतीने म्हणाले, "अहो, बाई गेल्या. आता हरकत कोण घेणार?"

"म्हणूनच," मी म्हणालो.

पुतण्याला माझं म्हणणं पटलं, आणि तोड त्यानेच काढली. बाईंच्या पेटीत निकालाची नक्कल होती, शिक्क्याची. ती आम्ही चौकटीत बसवली. चौकट माझ्याकडून. गेल्या सोमवारी ती शाळेत लागली. इंग्रजी मजकुराखाली अकरावीच्या मुलींनी सुवाच्य अक्षरात मराठी तर्जुमा लिहून लावला आहे. मुली टाचा उंचावून वाचत होत्या आणि पुढचीला ढकलत होत्या. एकेकाळी जिथून बाईंना घालवायला निघाले होते त्याच शाळेच्या भिंतीवर त्यांचं पूर्ण नाव लागलं. मला वाटलं, दुकानात जावं आणि पेढे वाटावे. खरोखरच वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी आतलं कपाट उघडलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती प्लेट खोक्यातून काढली. उत्तरेच्या काचेखाली धरली. प्लेटवर सगळं उलटं असतं, केस पांढरे, चेहरा काळा. पण माझ्या डोळ्यांना सवय आहे, मला बाई सरळ दिसतात. तिसऱ्यांदा सांगितल्यावर पाहिलं होतं, तशाच पाहत होत्या. दुकानात कोणी नव्हतं. एकच प्रत काढली असती, माझ्यापुरती, टेबलाच्या खणात ठेवायला, तर जगात कोणाला कळलं नसतं. औषध तयार होतं. मी मोठ्याने विचारलं, "बाई, काढू का एक?"

थोडा वेळ वाट पाहिली. मग प्लेट काळ्या कागदात गुंडाळली, खोक्यात ठेवली आणि कपाट लावलं.